हास्यरस आणि श्रोणितळ

विनोदी वाङ्मयाचा मानवी देहावर होणारा परिणाम हा विषय मराठी समीक्षेने आजवर गाल, डोळे आणि फार तर बरगड्या इथपर्यंतच नेलेला असून ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंची दखल तिने घेतलेली नाही. ही उणीव भरून काढण्यास, ज्याच्या कथाकथनाला सुलतान बाजार ते काचीगुडा या टापूत बऱ्यापैकी मागणी आहे त्या प्रस्तुत लेखकाइतका अधिकारी पुरुष हैदराबादेत दुसरा नाही, असे निदान त्या लेखकाचे तरी मत आहे. हे स्नायू पुढे जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे बांधलेले असतात आणि मूत्राशय, गुदाशय व स्त्रियांच्या बाबतीत गर्भाशय असा सगळा संसार त्यांच्यावर टेकलेला असतो. या झोळीला ग्रंथांत श्रोणितळ आणि दवाखान्यात पेल्व्हिक फ्लोअर म्हणतात. शिंकताना, खोकताना, भरलेली बादली उचलताना आणि खदखदून हसताना पोटातला दाब एकाएकी वाढतो, आणि त्याच क्षणी हा तळ आवळला गेला नाही तर लघवीचे थेंब निसटतात. वैद्यक याला स्ट्रेस इन्कॉन्टिनन्स म्हणते. यातला ताण मनाचा नसून पोटातल्या दाबाचा असतो, त्यामुळे ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला येथे सर्वस्वी निरुपयोगी ठरतो.

प्रस्तुत लेखकाची गोष्ट ऐन रंगात आली की पुढच्या रांगेतील दोन-तीन प्रौढ महिला लगबगीने उठून जात, ही बाब समकालीन लेखकांच्या नजरेतून सुटली नव्हती. त्यांनी याचा अर्थ कंटाळा असा लावला. प्रस्तुत लेखकाने अभिरुचीचा ऱ्हास असा लावला, आणि त्यावर एक लेखही लिहिला. श्रोणितळाच्या शास्त्राने तिसरा अर्थ पुढे आणला, तो असा की त्या महिला हसू आल्यामुळेच उठत होत्या. इतके निखळ, स्नायूंनी दिलेले प्रशस्तिपत्र मराठीत दुसऱ्या कोणा विनोदकाराला मिळाल्याचे ऐकिवात नाही, अशी लेखकाची धारणा झाली आणि ती थोडा काळ टिकलीही. मात्र उठून जाणाऱ्यांत त्याच्या सख्ख्या आत्याबाई होत्या, हे कळल्यावर प्रशस्तिपत्राची चव गेली.

बडी चावडीत उभा जन्म काढलेल्या या आत्याबाई लग्नकार्यात दाराजवळचीच खुर्ची धरीत, आणि तुळजापूरच्या बसमध्ये चढण्यापूर्वी पाण्याचा घोट घेत नसत. जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा या प्रत्येक थांब्यावरचे स्वच्छतागृह कोणत्या बाजूला आहे हे त्यांना देवीच्या आरतीइतके पाठ होते, आणि घरातल्या पुरुषांना मात्र त्या केवळ ‘जरा चमत्कारिक’ वाटत. पाणी तोडल्याने लघवी दाट होऊन मूत्राशयाची चुरचुर वाढते आणि बद्धकोष्ठ होऊन तळावर आणखी भार येतो, हे त्यांना कोणी सांगितले नाही. जे सांगितले ते एवढेच, की वय झाले, चार बाळंतपणे झाली, आता हे व्हायचेच. येथे विनोद क्षणभर बाजूला ठेवणे भाग आहे. एखादी तक्रार घरोघरी आढळते म्हणून ती निमूट सोसावी असे ठरत नाही. गुडघा दुखला तर अख्खे घर डॉक्टरांचा पत्ता शोधते, आणि येथे मात्र एक बाई वर्षानुवर्षे पिशवीत घडी घातलेले जादा लुगडे घेऊन हिंडते, याचा राग येण्यास वैद्यकीय पदवी लागत नाही.

सिझेरियन झाले की तळ सुरक्षित राहतो, हा गैरसमज तेलंगणात विशेष लोकप्रिय असावा असे मानण्यास जागा आहे, कारण २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातील सिझेरियनचे प्रमाण २१.५ टक्के असताना तेलंगणात ते ६०.७ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक, भरले होते. शस्त्रक्रियेने हा धोका कमी होतो हे खरे, पण नाहीसा होत नाही, कारण नऊ महिने ओझे वाहण्याचे काम त्या झोळीने आधीच केलेले असते. यावरचा उपाय म्हणजे त्याच झोळीचा व्यायाम. ज्या १९४८ साली हैदराबादेतील बोगुलकुंट्यात डॉ. लूर्ड्स फर्नांडिस यांनी आपले प्रसूतिगृह सुरू केले, त्याच साली अमेरिकेत आर्नल्ड केगल या स्त्रीरोगतज्ज्ञाने या स्नायूंच्या व्यायामावरील आपला निबंध प्रसिद्ध केला आणि आकुंचनाचा जोर मोजणारे एक यंत्रही पुढे आणले. तेव्हापासून त्या व्यायामाला केगलचे नाव चिकटले. पंधराव्या शतकातील हठप्रदीपिकेत हाच तळ आवळण्याचा मूलबंध सांगितलेला असल्याने आपल्याकडे हे सगळे पूर्वीपासूनच होते, असे लेखकाने, आत्याबाईंना अखेर ज्यांच्याकडे नेले त्या फिजिओथेरपिस्ट बाईंना सुनावून पाहिले. त्यावर त्यांनी मान डोलावून, आत्याबाईंना मूलबंध कोणी शिकवला होता काय, एवढेच विचारले.

केगल म्हणजे सरसकट सर्वांनी आवळत राहणे, हा यापुढचा गैरसमज होय. काहींचा तळ सैल नसून मुळातच आखडलेला असतो, त्यातून वेदना, अडखळत होणारी लघवी किंवा बद्धकोष्ठ उद्भवते, आणि अशांना आधी सैल सोडणे शिकवावे लागते. म्हणून या उपचाराची सुरुवात तपासणीने होते, व्हिडिओने नव्हे. लघवीची धार मध्येच अडवण्याचा रोजचा व्यायामही करू नये, कारण त्याने मूत्राशय पुरते रिकामे होण्यात व्यत्यय येतो. ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वे दाबजन्य गळतीसाठी जाणकाराच्या देखरेखीखाली किमान तीन महिने, दिवसातून तीनदा, दर वेळी निदान आठ आकुंचने असा क्रम सांगतात. शिवाय खोकला येण्याच्या क्षणभर आधी तळ आवळून धरण्याची एक युक्ती आहे, आणि मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९८ साली सौम्य गळती असलेल्या काही स्त्रियांमध्ये तिने खोकताना होणारी गळती घटते, असे दाखवून दिले. हे शिकताना आत्याबाई प्रथम तळाऐवजी भुवया, मुठी आणि श्वास आवळीत. तेव्हा फिजिओथेरपिस्ट बाई शांतपणे म्हणत, ‘‘अम्मा, सांस नक्को रोको.’’

मूत्राशयाला डिवचणाऱ्या पदार्थांत चहा-कॉफीतील कॅफीन मोडते, आणि येथे हैदराबादचा प्रश्न उभा राहतो. झाकण बंद करून तासनतास मुरवलेला इराणी चहाचा अर्क, त्यात वेगळ्या आटवलेल्या दुधाची भर, संगमरवरी टेबल, बशी, आणि शेजारी खारट-गोड उस्मानिया बिस्किट, ही या शहराची खरी राज्यघटना असून तिच्यात दुरुस्ती सुचवण्याचे धाडस आजवर कोणत्याही पक्षाने केलेले नाही. हे बिस्किट उस्मानिया रुग्णालयातील रोग्यांसाठी जन्मले अशी आख्यायिका आहे, आणि तिच्या आधारे लेखक त्याची गणना पथ्यात करतो. बिस्किट कोरडे खाणे हा त्याचा अपमान असल्याने चहा ओघानेच येतो, आणि अर्ध्या बिस्किटाला चहा उरला तर तो वाया घालवणे योग्य नसल्याने आणखी बिस्किट येते. यात वैद्यकाने बोट ठेवावे असे लेखकाला काही दिसत नाही. याच शहरात स्वच्छतागृहाला कॉफीचे दुकान जोडून ‘लू कॅफे’ काढण्यात आले. कारण आणि परिणाम यांना एकाच छपराखाली आणणारी याहून निर्दोष तर्कशुद्ध वास्तू गोवळकोंड्यातही सापडणार नाही. फिजिओथेरपिस्ट बाईंनी काय प्यायले, किती वेळा जावे लागले आणि किती झाले याची तीन दिवसांची दैनंदिनी मागितली, तेव्हा आत्याबाईंच्या वतीने लेखकाने ती ऋतुवर्णनासह सिद्ध केली. बाईंनी त्यातील मिलिलीटर तेवढे उतरवून घेतले आणि ललित भाग परत केला.

उरला शेवटचा गैरसमज, की हा सर्व बायकांचा विषय आहे. ही झोळी पुरुषांनाही असते, प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर तीच बळकट करावी लागते, आणि जुनाट खोकला पुरुष पाहून थांबत नाही. हा मजकूर तृतीय पुरुषात लिहिण्याची निकड लेखकाला का भासली, याची चौकशी सुज्ञ वाचकाने करू नये. आत्याबाई आता तुळजापूरला जाताना पाण्याची बाटली सोबत घेतात, आणि उमरग्याला उतरतात ते भजी खाण्यासाठी. हा व्यायाम बसल्या जागी, कोणाच्या लक्षात न येता करता येतो असे सांगितले जाते, आणि त्या भरवशावर एका मराठी संस्थेच्या वार्षिक सभेत कोषाध्यक्ष जमाखर्च वाचीत असताना प्रस्तुत लेखकाने तो आरंभिला. आकुंचन धरून असलेला त्याचा गंभीर चेहरा पाहून कोषाध्यक्षांनी स्टेशनरीची बाब खुलाशासह पुन्हा वाचली. त्यानंतर लेखकाने नियमानुसार तळ सैल सोडून दीर्घ श्वास टाकला, तेव्हा अध्यक्षांनी ‘हिशेबास लेखकमहाशयांची संमती’ असे इतिवृत्तात लिहून घेतले.