वाकडा गप्पी पाळण्याची सरळ पद्धत
(नवशिक्यांसाठी, सात पायऱ्यांत)

१. मासा मिळवणे. पाठीला बाक असलेला गप्पी दुकानात मागू नका. असे पिल्लू दुकानदाराने आधीच बाजूला काढलेले असते. शेजारच्याच टाकीत मणका आखडलेली, पोट फुगलेली बलून मॉली मात्र ऐटीत विकली जाते. तिचा मणका माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तसा घडवला आहे. नियम पाठ करा: मुद्दाम आणलेला बाक म्हणजे जात, आपोआप आलेला बाक म्हणजे खोट. तुम्हाला खोट हवी असेल तर घरीच थांबा. गप्पीची मादी साधारण महिन्याला पिल्ले घालते आणि टाकीत भाऊ-बहीण, मामा-भाची असा विधिनिषेध नसतो. पुढचे काम आनुवंशिकता करते.

२. निदान. बाक जन्मापासूनचा की आताचा, ते पाहा. जन्मजात बाकाचा मासा बहुधा खातो, फिरतो, भांडतोही. धडधाकट मासा मोठेपणी वाकू लागला, खंगला, अंगावर जखमा दिसल्या तर माशांच्या क्षयाची शंका घ्या आणि त्याला वेगळा ठेवा. या क्षयाचा जंतू माणसाच्या जखमेतूनही शिरतो. हाताला कापले असेल तर टाकीत हात घालू नका. क जीवनसत्त्व कमी पडले तरी माशाची पाठ वाकते आणि दाण्यांच्या उघड्या डब्यात ते हळूहळू नाहीसे होते. ‘मोठा डबा स्वस्त पडतो’ म्हणून गेल्या वर्षी घेतलेले दाणे आज टाकून द्या.

३. उपचार. वाकलेला मणका सरळ होत नाही. तरीही शेजारचे काका मीठ, हळद आणि त्यांच्या मेहुण्याचा अनुभव सुचवतील. सर्व उपाय कागदावर लिहून घ्यावेत, काकांना चहा द्यावा आणि कागद टाकीपासून लांब ठेवावा. मासा तळ्यात सोडणे हाही उपचार नव्हे.

४. घर. पाण्याचा झोत हा या माशाचा खरा शत्रू. जोराचा फिल्टर काढून स्पंज फिल्टर लावा. पाणी उथळ ठेवा, म्हणजे वर यायला कष्ट पडत नाहीत. वरच्या थरात रुंद पानांची झाडे असू द्या. दमला की तो त्यांवर टेकतो. टोकदार बुरुजांचा प्लास्टिकचा किल्ला भाच्याला देऊन टाका. नळाच्या पाण्यातले क्लोरीन घालवल्याशिवाय ते टाकीत ओतू नका आणि आठवड्याला साधारण पाव हिस्सा पाणी बदला.

५. जेवण. दाणे पडले की सरळ मासे आधी पोचतात. वाकड्याच्या वाट्याला पाण्यातली खळबळ येते. म्हणून पंगतीचे दोन भाग करा. एका टोकाला थोडे टाकून गर्दी तिकडे वळवा आणि मग दुसऱ्या कोपऱ्यात, बारीक चुरून, याचे पान वाढा. दोन मिनिटांत संपेल एवढेच द्या.

६. सोबत आणि पाहुणे. टायगर बार्ब ठेवू नका. शेपट्या कुरतडणे हा त्यांचा छंद आहे. वाकड्याचे लग्न जमवू नका. तो नर असेल तर नरांतच ठेवा, कारण मादी एकदा भेटली तरी पुढे कित्येक महिने पिल्ले घालू शकते. पाहुणे टाकीपाशी येऊन “बिचारा!” म्हणतात आणि लगेच डब्याकडे हात नेतात. तो हात तिथेच धरा. ही दया पाण्यात विरघळत नाही. ती तळाशी बसते, कुजते आणि तिचा अमोनिया होतो.

७. परीक्षा. मासा खाणे सोडून तळाशी पडून राहत असेल तर माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याला गाठा. पण तुमची सावली काचेवर पडताच तो तिरका तिरका सर्वांच्या आधी आपल्या कोपऱ्यात हजर होऊ लागला, तर तुम्ही उत्तीर्ण झालात. आता दाण्यांचा कोपरा बदला. सरळ मासे उपाशी राहत आहेत.