खटल्याच्या घरातली नॅरोगेज

एकत्र कुटुंबाचं सुख काय असतं ते माथेरानच्या गाडीला विचारावं. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांच्या मुलाच्या हट्टातून नेरळ-माथेरान असे दोन फुटी रूळ पडले. खर्च सोळा लाख, अंतर २१ किलोमीटर. प्रवाशांना थंड हवेत नेऊन सोडायचं आणि जाता जाता दऱ्या दाखवायच्या, एवढाच धंदा. घाई कुणालाच नव्हती.

स्वातंत्र्यानंतर कंपन्यांच्या आणि संस्थानांच्या रेल्वे सरकारने एका छपराखाली आणल्या. १९५१ मध्ये मध्य रेल्वेचं बिऱ्हाड मांडलं गेलं आणि ही गाडी तिच्या पदरी आली. तेव्हापासून ती घरातलं धाकटं पोर आहे. फोटोत पहिल्या रांगेत, पंगतीत शेवटच्या.

विलीनीकरणाचं तत्त्व सोपं आहे: सगळ्यांना एकच फूटपट्टी. लोकलचा हिशेब माणसांच्या गर्दीवर आणि मालगाडीचा टनांवर होतो. माथेरानच्या गाडीत गर्दी मावत नाही आणि टन चढत नाहीत. उरतो तो तोटा; तो मात्र नियमाने मोजला जातो. १९९२ मध्ये देशभर एकाच मापाचे रूळ करायचं ठरलं, त्यातून डोंगरातल्या गाड्या वाचल्या. साहेबांना पाझर फुटला असेल, असं समजू नका. ब्रॉडगेजला तिथल्या वळणांवर वळताच येत नाही.

२००५ च्या प्रलयात रूळ वाहून गेले, गाडी २००७ मध्ये आली. २०१६ मध्ये डबे घसरले, पूर्ण मार्ग २०१८ मध्ये सुरू झाला. २०१९ च्या पावसाने पुन्हा घाट खचला, नेरळहून गाडी सुटली ती थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-शिमला या गाड्या जागतिक वारसा झाल्या. माथेरानचं नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे, म्हणजे आपल्या भाषेत वेटिंग.

उपकारही मान्य केले पाहिजेत. खासगी मालक असता तर पहिल्याच दरडीनंतर रूळ भंगारात विकून मोकळा झाला असता. मोठ्या घराने रूळ परत टाकले, भिंती बांधल्या. पण दरड कोसळल्यावर लाखांनी खर्च करणाऱ्याने पावसाआधी गटारं साफ करायला चार माणसं जास्त दिली, या गाडीचा हिशेब पर्यटनाच्या वहीत वेगळा मांडला, तर कुटुंब काही फुटणार नाही.

तोवर वाचकांना एवढंच सांगणं: निघण्याआधी गाडी चालू आहे का, विचारून घ्या. नसेल तर नेरळहून टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंत सोडते. पुढे मोटारींना बंदी आहे, पण घोडे मिळतात. त्यांचं विलीनीकरण अजून झालेलं नाही, त्यामुळे ते जागेवर हजर असतात.