तोळ्यानं मोजायचा वास

मराठी मध्यमवर्गाची सुवासाकडून एकच अपेक्षा असते: आंघोळ झालेली आहे, एवढं चारचौघांना कळावं. वाळा, चंदन, उटणं, मोती साबण, मानेवर पांढरी पट्टी उठेल इतकी थापलेली पावडर, ही सगळी आंघोळीची प्रमाणपत्रं. लग्नाच्या हॉलमध्ये शिरताना कुणी हाताच्या पाठीवर अत्तर टेकवतं, गुलाबपाणी शिंपडतं, तेव्हा आपण जरा ऐष केल्यासारखं वागतो. तेही फुकट असतं म्हणून.

उदाच्या, म्हणजे आपल्या अगरूच्या, परफ्यूमचा आंघोळीशी काडीचा संबंध नाही. आपण स्वच्छ आहोत हे कुणाला पटवून द्यायची गरजच ज्याला उरलेली नाही, त्याच्यासाठी तो बनवलेला असावा.

आमच्या घरी तो साडूकडून आला. साडूभाऊ मस्कतला असतात. साडूनं साडूला दिलेल्या वस्तूला भेट म्हणायची रीत आहे. खरं तर ती सरकारी मोजणी असते, कुणाची हद्द कुठवर ते ठरवणारी. प्रकार जुना आहे. सातव्या शतकात कामरूपच्या भास्करवर्म्यानं हर्षवर्धनाशी सख्य जोडायला ज्या भेटी धाडल्या, त्यांत कृष्णागरूचं तेल होतं, असं बाणभट्टानं ‘हर्षचरिता’त लिहून ठेवलंय. आमच्याकडून मस्कतला दर खेपेस चकली आणि गोडा मसाला जातो. बाणभट्ट असता तर त्यानं ते गाळलं असतं.

बाटली काळी, चौकोनी आणि वरवंट्याइतकी जड. झाकणात लोहचुंबक. बंद करताना ‘टक’ असा आवाज येतो. आमच्या घरातल्या दुसऱ्या कुठल्याच झाकणाला इतका आत्मविश्वास नाही. खोक्याला आतून जांभळी मखमल. तो खोका बायकोनं पहिल्याच दिवशी ताब्यात घेतला, आता त्यात तिच्या बांगड्या असतात. बाटली बापडी बामाच्या डबीशेजारी उभी आहे.

याचा स्वभाव एका भेटीत कळत नाही. फवारल्यावर पहिली काही मिनिटं केशर, वेलची, लवंग, मिरी असा सगळा झणझणीत लवाजमा पुढे येतो. आमच्याकडे स्वयंपाकघरातून लगेच विचारणा झाली, “अरे, मसाल्याचा डबा सांडलास का?” मग मसाला ओसरतो आणि खालून जे वर येतं, त्याला जाणकार ‘चामडं, धूर आणि किंचित जनावर’ म्हणतात. म्हणजे गोठा. आसामात अगरूच्या लाकडाचे तुकडे उकळून तेल काढण्याआधी बरेच दिवस पाण्यात कुजत ठेवतात, हा गोठा तिथून येतो. आखाती बाजारात या तेलाला ‘हिंदी’ म्हणतात आणि खास गोठ्यासाठी दाम मोजणारे शौकीन तिथे आहेत. आमच्या आजोबांनी गाव सोडून गिरगावची खोली गाठली ती शेण-मुताच्या वासातून सुटायला. नातवाला तो मखमलीत गुंडाळून परत मिळाला.

संध्याकाळी मात्र गडी बदलतो. मसाला गेलेला, गोठा निजलेला, आणि मनगटावर मधासारखा गोड, राळेचा, जुन्या लाकडाचा एक संथ वास उरतो. तो काही सांगत नाही, मागत नाही. नुसता असतो. त्या वेळी आपणही उगाच कमी बोलतो आणि सोफ्यावर जरा मागे रेलून बसतो. ईएमआयचा मेसेज आला तरी लगेच उघडत नाही.

एवढी ऐट येते कुठून? तर आजारपणातून. अगरूचं धडधाकट झाड कवडीमोलाचं; लाकूड फिकट, हलकं, बिनवासाचं. खोड किड्यानं पोखरलं, आत बुरशी शिरली, की झाड बचावासाठी राळ तयार करतं. ती मुरत मुरत लाकूड काळं आणि जड होतं. उत्तम प्रतीचं तर पाण्यात बुडतं. झाड आजारी पडलं की श्रीमंत होतं. आपल्याकडे खासगी हॉस्पिटलात नेमकं उलट घडतं. पण बाहेरून बघून कुठलं झाड आतून काळं झालंय हे सहज कळत नाही, म्हणून माणसानं सरसकट कुऱ्हाड चालवली. शेवटी 1995 पासून आसामात वाढणाऱ्या अगरूच्या जातीच्या जागतिक व्यापारावर साइट्स कराराचे निर्बंध आले.

साडूभाऊ या वासाला ‘अरबांची खासियत’ म्हणतात. मी ऐकून घेतो. वास्तविक आसामातल्या होजाईहून हाजी अजमल अली मुंबईत आले, 1951 साली त्यांनी इथे अत्तराचा धंदा थाटला, आणि तो धंदा पुढे दुबईला गेला. म्हणजे ही खासियत आधी आमच्या मुंबईवरून गेली, मग त्यांच्याकडे पोचली. युरोपला जाग आली ती 2002 साली, सॅं लोरांच्या ‘एम सेव्हन’ या परफ्यूमनं. 2007 मध्ये टॉम फोर्डचा ‘ऊद वुड’ आला आणि मग धरण फुटलं. आता दीडशे रुपयांच्या डिओवरही ‘ऊद’ छापलेलं असतं. अशा बाटल्यांत बहुतेक करामत प्रयोगशाळेची. खरं तेल अजूनही तोळ्यावर विकतात. आणि तोळ्यानं मोजायची वस्तू अंगाला चोळायची नसते, लॉकरमध्ये ठेवायची असते, हे संस्कार आपल्यावर लहानपणीच झालेले आहेत.

खरी पंचाईत जागेची. हा वास उंच छताच्या मजलिसीसाठी जन्मला; आम्ही तो लावून डोंबिवलीच्या लिफ्टमध्ये शिरतो. मी तळमजल्यावर उतरतो, तो लिफ्टमध्येच राहतो आणि दिवसभर वर-खाली करतो. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये माझ्या काखेखाली उभ्या असलेल्या गृहस्थांनी तर काही न बोलता फक्त मान वळवली. एवढ्या गर्दीत मान वळवणं हा केवढा व्यायाम! ऑफिसात एकीनं “सर, वायरिंग जळतंय का बघा ना” म्हणून इलेक्ट्रिशियन बोलावला. आईनं घरात पाऊल टाकताच विचारलं, “कोण रे बाळंत झालंय?” तिला वाटलं, कुणी बाळाला धुरी दिली. गंमत म्हणजे लावणाऱ्याच्या नाकाला थोड्या वेळात वास येईनासा होतो, आसपासच्यांना येतच राहतो. श्रीमंतीचंही बहुधा असंच असावं.

तरीही उदाची एक चाल आपण उचलावी असं मला मनापासून वाटतं. आखातात पाहुण्यांचं खाणंपिणं, गप्पा झाल्या की निखाऱ्यावर ऊद घातलेला मबखरा फिरवतात. पाहुणे कपड्यांना, दाढीला धुरी घेतात आणि उठतात. ऊद फिरला की बसणं संपलं, अशी तिकडे म्हणच आहे. किती सभ्य सोय! आपल्याकडे पाहुणा “निघतो आता” म्हणून उठतो, चपला घालतो, आणि उंबऱ्यावर उभं राहून मुलीच्या ॲडमिशनपासून सोसायटीच्या पाण्याच्या टाकीपर्यंत नवी बैठक सुरू करतो.

मी बायकोला सुचवलं, पुढच्या रविवारी तुझे मामा आले की नऊच्या सुमाराला मी हळूच दोन फवारे मारतो.

“मार की,” ती म्हणाली. “त्यांना वाटेल मसालेभात शिजतोय. जेवूनच जातील.”