ब्राउझर अपडेटोत्तर मार्गदर्शिका (उल्हासनगर कॅम्प ५ साठी सुधारित)

व्याप्ती

सदर मार्गदर्शिका कॅम्प ५ मधील तमाम झेरॉक्स-ऑनलाइनवाल्यांसाठी, जीन्सच्या गाळ्यांत बिले बनवणाऱ्या अकाउंटवाल्यांसाठी, तसेच ज्या घरात एकाच कॉम्प्युटरवर दोघांचा अभ्यास, एकाचा शेअर बाजार आणि आजींचे कीर्तन चालते अशा कुटुंबांसाठी आहे. अंबरनाथ-बदलापूरकरांनीही ती वापरण्यास हरकत नाही. मात्र लोकलच्या दारात लटकून वाचताना एखादे कलम निसटल्यास ती जबाबदारी ज्याची त्याची.

ब्राउझर म्हणजे क्रोम, फायरफॉक्स, एज यांपैकी जे आपल्याकडे नुसते ‘इंटरनेट’ म्हणून ओळखले जाते ते. क्रोमची नवी आवृत्ती पूर्वी दर सहा आठवड्यांनी यायची. २०२१ मध्ये ती चार आठवड्यांवर आली आणि २०२३ पासून सुरक्षेची डागडुजी आठवड्याला होऊ लागली. तेव्हा सकाळी शटर वर केल्यावर काहीतरी जागचे हललेले दिसले, तर घाबरू नये. हा नेहमीचाच कारभार आहे.

कलम १ : आरोपी निश्चित करणे

अपडेटनंतर काही बिघडल्यास आरोप करण्याची आपल्याकडची क्रमवारी ठरलेली आहे : आधी अपडेट, मग केबलचा नेटवाला, मग काल संध्याकाळी कॉम्प्युटरवर बसलेला भाचा. तीनही आरोपींना बोलणी खायला घालून झाल्यावर खरी तपासणी सुरू होते.

कॅम्प ५ मधला व्यापारी जीन्स हातात आली की लेबलावर विसंबत नाही. पॅन्ट उलटी करून शिलाई बघतो. अपडेटलाही तोच न्याय लावावा. कुठली शिवण उसवली हे आधी ठरवावे. त्यासाठी तेच पान तीन ठिकाणी उघडावे : इन्कॉग्निटो खिडकीत, दुसऱ्या ब्राउझरमध्ये, आणि मोबाइलवर वायफाय बंद करून.

इन्कॉग्निटोत चालले तर दोष बहुधा एक्स्टेन्शनचा किंवा साठलेल्या जुन्या फायलींचा, कारण एक्स्टेन्शने तिथे मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय शिरत नाहीत. दुसऱ्या ब्राउझरमध्ये चालले तर मूळ ब्राउझरची चौकशी करावी. फक्त मोबाइलवर चालले तर नेटवाल्याला फोन लावावा. कुठेच चालले नाही तर साइटच झोपली आहे; आपणही चहा घ्यावा.

कलम २ : बंद करून चालू करणे

हा उपाय सर्वांना ठाऊक असतो आणि ‘केलं ना’ असे सर्वजण सांगतात. प्रत्यक्षात खिडकी खाली केलेली असते. सर्व खिडक्या बंद केल्याशिवाय ब्राउझर बंद झाला असे समजू नये.

क्रोममध्ये आलेले अपडेट बसायचे राहिले असेल, तर उजव्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांपाशी रंग दिसतो : अपडेट येऊन दोन दिवसही झाले नसतील तर हिरवा, चारेक दिवस झाले तर नारिंगी, आठवडा उलटला की लाल. लाल रंग झळकत असताना ‘अपडेटने वाट लावली’ म्हणणारा गृहस्थ न बसलेल्या अपडेटवर आळ घेत असतो, याची नोंद घ्यावी.

गडबडीत एखादा टॅब बंद झाल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि टी ही बटणे एकत्र दाबावीत. गेलेला टॅब परत येतो. गेलेल्या गिऱ्हाइकासाठी असे बटण अद्याप निघालेले नाही.

कलम ३ : हरवले-सापडले

डाउनलोड झालेली फाइल पूर्वी खिडकीच्या तळाशी पट्टीत दिसायची. २०२३ मध्ये क्रोमने ती वर उजवीकडे, बाणाच्या चिन्हात हलवली. तळाशी काही दिसत नाही म्हणून तोच सातबारा पुन्हा पुन्हा उतरवणाऱ्यांनी कंट्रोल आणि जे दाबून पाहावे. सर्व प्रती तिथे रांगेत उभ्या असतात.

पत्त्याशेजारचे कुलूपही त्याच वर्षी गेले. त्याचे कारण ऐकण्यासारखे आहे. गूगलच्या २०२१ मधल्या पाहणीत अवघ्या ११ टक्के लोकांना कुलपाचा नेमका अर्थ ठाऊक होता. बाकीचे ‘कुलूप आहे म्हणजे साइट खरी’ असे समजत. वास्तविक, आपण आणि साइट यांच्यातले बोलणे वाटेत कोणी ऐकत नाही, एवढेच ते कुलूप सांगे. पलीकडे बसलेला माणूस सज्जन आहे की भामटा, याची हमी त्यात कधीच नव्हती. आता त्या जागी दोन सरकपट्ट्यांचे चिन्ह आहे. कॅमेरा, माइक, पॉप-अप यांच्या परवानग्या त्याच्या आत सापडतात.

कलम ४ : घड्याळ

हे कलम विशेष काळजीपूर्वक वाचावे, कारण अपडेटवर सर्वाधिक अन्याय इथे होतो. प्रसंग साधारण असा घडतो :

“अरे भाई, सगळंच बंद! बँक नाय, जीएसटी नाय, यूट्यूबपण नाय. रात्री अपडेट आला ना, त्यानंच खाल्लं.”

“शेठ, रात्री लाइट गेली होती का?”

“गेली होती. पण लाइटीचा काय संबंध?”

“खाली कोपऱ्यात तारीख बघा.”

“एक जानेवारी दोन हजार बारा. मग?”

“मग साइटचं सर्टिफिकेट म्हणतंय, शेठ, मी अजून जन्मलेच नाही.”

प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक प्रमाणपत्र असते आणि ते कधीपासून कधीपर्यंत चालेल हे त्यावर लिहिलेले असते. ब्राउझर ती मुदत आपल्या कॉम्प्युटरच्या तारखेशी ताडून बघतो. कॉम्प्युटर २०१२ मध्ये वावरत असेल तर आजचे प्रत्येक प्रमाणपत्र त्याला भविष्यातले वाटते आणि तो ‘तुमचे घड्याळ मागे आहे’ असे सांगून दार बंद करतो. हा संदेश इंग्रजीत येतो, म्हणून तो वाचण्याआधीच लोक अपडेटला शिव्या घालतात.

तारीख दुरुस्त केल्यास त्या दिवसापुरते काम भागते. पण वीज गेल्यावर दर वेळी तारीख मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल संपला आहे असे समजावे. त्यावर ‘सीआर २०३२’ असे लिहिलेले असते. ‘अजून २०३२ पर्यंत चालेल’ असा युक्तिवाद करू नये. ते सेलचे माप आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. घड्याळवाल्याकडे हा सेल मिळतो. कॉम्प्युटरची पिन काढूनच तो बदलावा.

कलम ५ : न उघडणारी पावती

टेम्पो खाली उभा आहे, ड्रायव्हर हॉर्न वाजवतो आहे, राज्याबाहेर जाणारा माल ५० हजारांच्या वरचा आहे आणि ई-वे बिलाची प्रिंट दाबली तरी काही घडत नाही. अशा वेळी पत्त्याच्या पट्टीचे उजवे टोक पाहावे. तिथे अडवलेल्या पॉप-अपचे छोटे चिन्ह असते. त्यावर दाबून त्या एका साइटला परवानगी द्यावी. चिडून सर्व साइटांना परवानगी देऊ नये. दिल्यास पुढचा महिनाभर रमीच्या जाहिराती बघाव्या लागतील.

काही जुन्या साइटांना इंटरनेट एक्स्प्लोररच लागतो. त्याचे निधन १५ जून २०२२ रोजी झाले. मात्र एजमध्ये त्याचा आत्मा ‘आयई मोड’ या नावाने वास करतो. सेटिंग्जमध्ये डिफॉल्ट ब्राउझर या भागात जाऊन तो जागवता येतो. साइट त्या यादीत ३० दिवस राहते, नंतर पुन्हा नाव घालावे लागते. मासिक श्राद्ध समजून ते करावे.

गाळ्यातला कॉम्प्युटर विंडोज ७ वर असेल तर क्रोमचे शेवटचे अपडेट १०९ क्रमांकाचे, जानेवारी २०२३ मधले. ‘आमच्याकडे अपडेटचा त्रासच नाही’ असे अभिमानाने सांगणारे बहुधा हेच लोक असतात. त्यांनी निदान बँकेचे काम त्या मशीनवर करू नये.

कलम ६ : साफसफाई

‘कॅश क्लिअर कर’ हा सल्ला देण्यास शिक्षण लागत नाही, घेण्यास लागते. कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट दाबल्यावर जी यादी येते, त्यात फक्त साठवलेली चित्रे आणि फायली यांवर खूण ठेवावी. दिवाळीच्या उत्साहात सर्व चौकोनांवर खुणा केल्यास कुकीज जातात, पासवर्डही जाऊ शकतात, आणि नवा पासवर्ड मागितल्यावर ओटीपी ज्या मोबाइलवर येतो, तो घेऊन अकाउंटवाले गावी गेलेले असतात.

कलम ७ : नवी वैशिष्ट्ये

*मेमरी सेव्हर.* बराच वेळ न पाहिलेले टॅब झोपी जातात व दाबल्यावर नव्याने उघडतात. रॅम वाचते. ज्या साइटला झोप परवडणार नाही, तिचे नाव सेटिंग्जमध्ये ‘कायम जागे’ असणाऱ्यांच्या यादीत घालावे.

*एआयची बटणे.* प्रत्येक अपडेटसोबत एखादे वाढलेले आढळते. गिऱ्हाइकाचे आधार, पॅन त्यांना वाचायला देऊ नये. बाकी विचारपूस करण्यास हरकत नाही.

*ऑटोफिल.* कॅम्प ५ साठी हे सर्वात घातक. १९४९ मध्ये लष्करी छावणीच्या बराकींतून हे शहर झाले. पत्ते आजही बराक आणि ब्लॉक नंबरावर चालतात व पोस्टमन बिनचूक पोहोचतो. ऑटोफिलला मात्र बराक म्हणजे काय ते उमगत नाही. तो बराकीचा नंबर कधी फ्लॅटच्या, कधी गल्लीच्या रकान्यात टाकतो आणि ४२१००५ तेवढा बरोबर भरून स्वतःवर खूश होतो.

दुकानाच्या कॉम्प्युटरवर प्रकरण आणखी वाढते. आधीच्या गिऱ्हाइकाची माहिती पुढच्याच्या फॉर्मात उतरते. काकू लेकीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरत असतात.

“बाळा, ओटीपी आला नाही रे अजून.”

“येईल काकू, सर्व्हर स्लो आहे.”

सर्व्हर बिचारा वेळेवर असतो. ओटीपी कैलास कॉलनीतल्या भलत्याच गृहस्थाच्या खिशात वाजून गेलेला असतो. म्हणून दुकानदारांनी पत्ते साठवण्याची सोय सेटिंग्जमधून बंद करावी आणि गिऱ्हाइकाचे काम ‘अतिथी’ खिडकीत करावे. ती बंद केली की आत काय झाले याचा मागमूस ब्राउझरमध्ये उरत नाही. प्रोफाइलच्या गोल चित्रावर दाबल्यास ती सापडते.

कलम ८ : नकली अपडेट

‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, ही कोटी ज्या गावावर केली जाते, त्या गावाने तरी नकली मालाला फसू नये. तरीही, सिनेमा फुकटात बघताना ‘आपला ब्राउझर जुना झाला आहे, त्वरित अपडेट करा’ अशी लाल पाटी आली की भलेभले बटण दाबतात.

नियम एकच. खरे अपडेट ब्राउझरच्या आतून येते : तीन ठिपके, मदत, क्रोमविषयी. एखादे पान स्वतःहून अपडेट वाटू लागले, वर फाइल उतरवून ती चालवायला सांगू लागले, तर माल डुप्लिकेट आहे. खऱ्या अपडेटला ओरडण्याची सवय नाही. ते बहुतेकदा आपल्या नकळत बसलेले असते. फाइल चालवून झाली असल्यास नेट तोडावे, दुसऱ्या मशीनवरून बँकेचे पासवर्ड बदलावेत आणि आर्थिक फसवणूक झाली असेल तर १९३० या हेल्पलाइनवर विनाविलंब फोन करावा.

कलम ९ : मुहूर्त

अपडेट टाळता येत नाही, पण ते बसवायचा दिवस थोडाफार आपल्या हाती असतो. जीएसटीआर-१ ची ११ तारीख, ३-बी ची २० तारीख आणि तिमाही भरणाऱ्यांसाठी २२ तारीख वर्ज्य. जुलैचा शेवटचा आठवडा आयकर विवरणपत्रांमुळे अशुभ. प्रवेश अर्जांच्या मुदतीचा दिवस, संध्याकाळी सहानंतर, अत्यंत अशुभ. जुलै सोडून इतर महिन्यांत २३ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत, सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधीची वेळ उत्तम. काही बिघडलेच तर निस्तरायला दिवस हाताशी असतो. वार, नक्षत्र, राहुकाळ पाहण्याचे कारण नाही. अमावस्येला केलेले अपडेट चालते, शेवटच्या तारखेला केलेले चालत नाही.