वाटीभर भात, नऊ शार्क

आमच्या घरी भात हल्ली शार्कमध्ये मोजतात. "अर्धी वाटी झाली का हो?" असं हिने स्वयंपाकघरातून विचारलं की मी म्हणतो, "चार झाले, पाचवा चालू आहे."

नात, चिमी, दीड वर्षाची. मेतकूट-तूप घातलेला मऊ भात तिच्या तोंडात जायचा तर समोर 'बेबी शार्क' नाचावे लागतात. गाणं सव्वादोन मिनिटांचं, वाटी संपेपर्यंत ते नऊ वेळा होतं. तीन जेवणांचे सत्तावीस. जन्म बँकेत गेल्यामुळे पुढचा हिशेब आपोआप झाला : वर्षाला जवळजवळ दहा हजार. कोरियातल्या पिंकफाँगने २०१६ साली टाकलेला हा नाच जानेवारी २०२२ मध्ये १,००० कोटी वेळा पाहून झाला. यूट्यूबवर तिथवर पोचलेला तो पहिलाच व्हिडिओ. जगाची लोकसंख्या तेव्हा ८०० कोटींच्या आत. लोकांना याचं नवल वाटलं. मला नाही. आमच्यासारखी दहा लाख घरं धरा, एका वर्षाचं काम आहे.

गाण्यात गोष्ट म्हणावी तर एवढीच : पिल्लू येतं, मग आई, बाबा, आजी आणि सगळ्यांत शेवटी आजोबा. पाण्याखालीसुद्धा आमचा नंबर शेवटीच. पण वाद आहे तो आजीवरून. ती कुणाकडची? ही म्हणते, "बाबांच्या पाठोपाठ येते, म्हणजे बाबांचीच आई." विहीणबाई म्हणतात, "एवढी हसतमुख आहे, म्हणजे आईचीच आई." त्या दिवसापासून दोघी फोनवर फक्त हवामानाबद्दल बोलतात.

माझी आईही बडबडगीतं म्हणायची. फार तर तीनदा. चौथ्यांदा हट्ट धरला की पाठीत धपाटा. गाणारं माणूस दमायचं, ही त्या गाण्यांतली केवढी मोठी सोय होती! शार्क दमत नाहीत. एकदा मी मोबाइल लपवून 'नाच रे मोरा' म्हणून पाहिलं. गदिमांचे शब्द, पुलंची चाल, १९५३ च्या 'देवबाप्पा'तलं गाणं. कमी एवढंच, की आशाबाईंच्या जागी मी होतो. चिमीने दुसऱ्या ओळीपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्या कपाळावर बोट ठेवून मला डावीकडे सरकवलं.

फ्लोरिडातल्या वेस्ट पाम बीच शहराने २०१९ साली एका सभागृहाच्या आवारात बेघरांनी झोपू नये म्हणून रात्रभर हेच गाणं लावलं होतं. ते वाचल्यापासून त्या बिचाऱ्यांबद्दल मला सख्ख्या भावासारखं वाटतं. त्यांना निदान उठून दुसरीकडे जाता येत होतं. बरं, गाऱ्हाणं घालावं तर व्हिडिओखाली तशी जागा नाही. लहान मुलांसाठीच्या व्हिडिओंखाली प्रतिक्रिया लिहिणं २०२० पासून बंद आहे.

परवा लसीसाठी चिमीला घेऊन गेलो. डॉक्टरांनी सुईच्या आधी प्रश्न टोचला, "मोबाइल दाखवता का?" जागतिक आरोग्य संघटनेने दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच म्हटलंय, हे भिंतीवर आमच्या डोक्यामागेच लावलेलं होतं. मुलगा, सून आणि मी एका सुरात म्हणालो, "छे!"

चिमीने डॉक्टरांकडे पाहिलं. अंगठा आणि तर्जनी जुळवून चिमुकला जबडा केला, दोनदा उघडला, मिटला. मग दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवून आई शार्क. मग दोन्ही हात खांद्यापासून फाकून बाबा. आजीपर्यंत पोचायच्या आत सुनेने तिला कडेवर घेतलं.

"किती वेळा?" डॉक्टरांनी चष्मा काढून विचारलं.

मी खरं तेच सांगितलं, "नऊ."

"आठवड्यातून नऊ? जरा कमी करा, आजोबा."

मी मान डोलावली. दुरुस्ती केली नाही.