पानं किती धरू?

जूनमधल्या एखाद्या सकाळी सात वाजता फोन वाजतो आणि पलीकडून 'हॅलो'सुद्धा न येता थेट प्रश्न येतो, "पानं किती धरू?" तेव्हा समजावं की भाऊकाका बोलताहेत आणि गणपतीला अजून दोन-अडीच महिने आहेत.

'कसा आहेस', 'मुलं काय म्हणतात' असले प्रश्न त्यांच्या लेखी रिकामटेकड्यांचे. माणूस कसा आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. तो जेवायला आहे की नाही, एवढंच त्यांना हवं असतं. "चार धरा," म्हटलं की पलीकडे पेन्सिल चालल्याचा आवाज येतो. मग, "चार म्हणजे मुलगा धरून ना? गेल्या साली धरला होता, आला नाही. त्याचं पान गायीला घातलं." फोन बंद. त्याच वर्षी माझ्या मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता, पण घराण्याच्या दप्तरी नोंद झाली ती गायीची.

असा एक माणूस प्रत्येक मोठ्या घरात असतो. कुठे ती आत्या असते, कुठे थोरली वहिनी. आमच्याकडे पाच भावांतले तिसरे भाऊकाका. थोरल्याला मान मिळतो, धाकट्याचे लाड होतात, मधल्याच्या वाट्याला उरतं ते काम. फरक इतकाच, की काकांना ते उरलेलं वाटत नाही. आपण सगळ्यांत मोठा हिस्सा मारला, अशाच थाटात ते वावरतात.

आपल्याकडे पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. त्यानंतर दीडेक वर्षात काका टपाल खात्यात सॉर्टिंगला लागले आणि निवृत्त होईपर्यंत तेच करत राहिले. त्याचा परिणाम असा, की त्यांना माणसं नावाने आठवत नाहीत, पिनने आठवतात. "चारशेदोन वाल्यांनी..." छे, तसं नव्हे, पूर्ण म्हणायचं. "४०० ६०२ वाल्यांनी अजून कळवलं नाही," म्हणजे नौपाड्याची मावशी. "४२१ २०१ येतायत पण मुक्कामाला नाहीत," म्हणजे डोंबिवलीचे जावई. पहिला आकडा चार, म्हणजे आपला माणूस. चारात मध्य प्रदेश आणि छत्तीसगडही येतात हे ते सोयीने विसरतात. गोवा मात्र आवर्जून धरतात, कारण तिथे एक आत्या दिली आहे. बंगळुरूला नोकरी लागलेल्या चुलत बहिणीबद्दल ते हळहळले होते, "पाचात गेली गो." आणि न्यू जर्सीच्या पुतण्याचा पत्ता लिहून घेताना पाचच आकडे आलेले पाहून म्हणाले, "एक कमी पडतोय." ते आकड्यांबद्दल होतं की पुतण्याबद्दल, हे कुणी विचारलं नाही.

सगळा कारभार लाल कापडी बांधणीच्या एका लांबट वहीत. रकाने सहा: नाव, पिन, कार्य, पानं, आहेर, शेरा. बारसं, मुंज, केळवण, डोहाळजेवण, साठीशांत, वास्तुशांत, कुणाचं काय आणि कधी, सगळं तिथे. लग्नपत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापायची पद्धत आली तेव्हा काका आठवडाभर अस्वस्थ होते. एक अख्खा रकानाच मोकळा राहणार होता. शेवटी त्यांनी त्यात 'आणला नाही. पत्रिका वाचतात.' असं लिहायला सुरुवात केली. शेऱ्याचा रकाना मी एकदा चोरून वाचला आहे. 'गोड वर्ज्य म्हणाले. मोदक सात.' 'आले. जेवले. रुसले.' 'रुसले. कारण कळवलेलं नाही.' आणि एका मेव्हण्यापुढे, नुसतंच, 'ताक.'

पानांचं त्यांचं गणित कुठल्याही केटररला येणार नाही. 'नक्की येतो' म्हणणाऱ्याचं अर्धं पान धरायचं. 'शंभर टक्के, काका!' म्हणणाऱ्याचं धरायचंच नाही. 'बघतो, जमलं तर' म्हणणारा हमखास येतो, बायको-मुलं घेऊन येतो आणि वर शेजारचं एखादं पोर आणतो, त्याची साडेचार. या हिशोबाने देवगडच्या घरी ऋषिपंचमीला ना कधी भाजी उरली, ना मोदक कमी पडला. अर्थात पानं काका मोजत आणि नारळ काकू खवत. या वाटणीचा वहीत कुठेही उल्लेख नाही, म्हणून इथे करून ठेवतो.

काका आणि पंचांग यांचं नातं मालक आणि कुळाचं आहे, आणि पंचांग हे कूळ. १९९६ साली आमच्या आजोबांचं, म्हणजे अण्णांचं, सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. कुणी ते ऐंशी भरली की उरकतात, कुणी एक्क्याऐंशीव्यात करतात. मी तेव्हा नुकता नोकरीला लागलेला, खिशात सायंटिफिक कॅल्क्युलेटर. पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवसांच्या जरा वर. त्याला हजाराने गुणलं की ऐंशी वर्षं आणि दहाएक महिने होतात. दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येणाऱ्या अधिक मासाची पौर्णिमा हिशोबात येते म्हणून; नुसत्या वर्षाला बारा मोजल्या तर माणसाला त्र्याऐंशी ओलांडावी लागतील. हे सगळं मी ओट्यावर उभं राहून सांगितलं आणि जाहीर केलं, की अण्णांचा हजारावा चंद्र मार्चमध्ये आहे.

"मार्चमध्ये वार्षिक परीक्षा असतात," काका म्हणाले. "मे."

"पण काका, हजारावा चंद्र..."

"मेमध्ये चंद्र उगवत नाही काय रे? हजारावा काय नि हजारावर दोन काय, अण्णांना मोतीबिंदूतून दोन्ही सारखेच."

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी सुपारी कातरायची थांबवली. "मला घाई नाही," ते म्हणाले.

मग मे महिन्यात त्रेसष्ट माणसं आली. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला अजून दोन वर्षं होती. सगळी आली ती एसटीने, रात्रभर घाट उतरत, पोरांना प्लास्टिकच्या पिशव्या धरायला देत. पडवीत, माळ्यावर, मांगरात गोधड्या पडल्या. रहाटाला दिवसभर उसंत नव्हती. एक मामा रात्री उठून अंगणात गेले आणि परत येताना वाट चुकून तीन वेगवेगळ्या चुलत घराण्यांच्या मध्ये झोपले. सकाळी पांघरूण कुणाचं यावरून चौकशी झाली. वहीतला शेरा: 'चंद्र ढगाआड. बाकी ठीक.'

पण काकांची खरी कसोटी लागली ती सुवेराच्या वर्षी. भावकीत मूल जन्मलं की दहा दिवस सुवेर, आणि सुवेरात घरच्या माणसाच्या हातून गणपतीची पूजा होत नाही. त्या वर्षी सदाशिव पेठेतल्या, म्हणजे ४११ ०३० मधल्या, चुलतभावाच्या बायकोला दिवस गेलेले. साऱ्यांनी अभिनंदनाचे फोन केले. काकांनी फोन करून विचारलं, "डॉक्टरांनी तारीख कुठली दिलीय?" तारीख हरितालिकेच्या आसपासची निघाली. काकांनी पंचांग उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. पुढच्या महिन्याभरात त्यांनी पुण्याला अकरा फोन केले. एकीकडे "काळजी घे गो बाय" आणि दुसरीकडे "एक तर चतुर्थीच्या दहा दिवस आधी, नाहीतर विसर्जनानंतर," अशी दुपदरी माया. सहाव्या-सातव्या फोननंतर वहिनी फोन उचलेनाशी झाली, म्हणून त्यांनी तिच्या आईला गाठलं. त्या माउलीने थंडपणे सांगितलं, "भावोजी, बाळाला मी निरोप देते."

निरोप पोचला नसावा. चतुर्थीच्या तीन दिवस आधी मुलगी झाली, तीन किलोची.

गावी चाकरमान्यांनी घर भरलेलं, माटवीला कवंडळं आणि आंब्याचे टाळे बांधून झालेले, मूर्ती चित्रशाळेत रंगून तयार, आणि घरात पूजेला हात लावणारा पुरुष एकही उरला नाही. तेव्हा काकांनी वहीवरून बोट फिरवायला सुरुवात केली आणि ते ४२१ २०१ वर थांबलं. जावई! वेगळं गोत्र, त्याला आमचं सुवेर नाही. डोंबिवलीचे हे जावई हिशोब तपासनीस. आयुष्यात त्यांनी पूजा केली ती सत्यनारायणाची, तीही बायको शेजारी बसून कोपर मारत होती म्हणून. त्यांना पहाटे चारला विहिरीवर उभं करण्यात आलं. सोवळं सुटेल या धास्तीने त्यांनी त्यावरून ऑफिसचा पट्टा आवळला, आणि चामडं चालत नाही म्हणताच तो काढून नायलॉनची दोरी बांधली. प्राणप्रतिष्ठा चालली असताना गुरुजी 'हे अर्पण करा, ते अर्पण करा' म्हणत होते आणि जावई प्रत्येक वस्तूवर टिक केल्यासारखी मान हलवत होते. पूजा निर्दोष झाली. गुरुजी खाजगीत म्हणाले, की एकही उपचार न गाळता या घरात झालेली ही पहिलीच. वहीत त्या दिवशी दोन नोंदी आहेत. जावयांपुढे: 'पूजा उत्तम. दोरी आमची.' आणि त्याखाली, नवीन ओळीत, जिचं अजून नावही ठेवलं नव्हतं तिच्यापुढे: 'वेळ पाळली नाही. पुढल्या सालापासून पान अर्धं.'

अलीकडे काकांना एकाच गोष्टीने धक्का दिला. रेल्वेचं आरक्षण आधी १२० दिवस अगोदर उघडायचं; १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. आम्हाला वाटलं, बरं झालं. काकांना वाटलं, आपली दोन महिन्यांची काळजी कुणीतरी कापून नेली. १२० दिवसांत कसं, तुतारीचं कुणाचं निघालं, कोकणकन्येला कोण प्रतीक्षा यादीत, कणकवलीला कोण कुठल्या पहाटे उतरणार, कुणासाठी रिक्षा किती, असं सावकाश घोळवता यायचं. आता सगळं घाईत. महामार्गाने या म्हणावं, तर त्याचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे, आणि काकांचं मत असं, की खड्डे मोजत येणारा माणूस उशिरा पोचतो आणि चिडून जेवतो.

न येण्याची कारणंही ते जपून ठेवतात, हे मला उशिरा कळलं. एका वर्षी मी सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगितलं. वही चाळल्याचा आवाज आला. "उजवा २०१४ ला झाला. डावा २०१७ ला. हा कुठला?"

मी आरक्षण केलं.

गेल्या एप्रिलमध्ये काकांना पंच्याहत्तर पूर्ण झाली. आम्ही पुतण्यांनी ठरवलं, यंदा त्यांना कळू न देता आपणच सगळं करायचं. पहिली अडचण, बोलावायचं कुणाला? यादी वहीत, वही काकांच्या उशाशी. ते दुपारी झोपले असताना धाकट्या चुलतभावाने पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकले. घाईत ते घराण्याच्या ग्रुपवर पडले, जिथे काका स्वतः आहेत. त्यांनी उठल्यावर अंगठा दाखवला आणि खाली लिहिलं, 'पान ४२ राहिलं.'

ठाण्यात हॉल घेतला. केटररला ११० सांगितलं. आम्ही 'नक्की येतो' म्हणणाऱ्यांना पूर्ण पान धरलं होतं आणि 'बघतो'वाल्यांना सोडून दिलं होतं, त्यामुळे १४३ आले. दुसऱ्या पंगतीला श्रीखंड संपलं. तिसरीला जिलबी बाहेरून आली, आणि तिच्याबरोबर ती आणणारा मुलगाही जेवायला बसला. काका पहिल्या पंगतीत, गळ्यात हार, समोर रांगोळी. एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त हॉलच्या दाराकडे बघत राहिले.

औक्षणाला बायकांनी कणकेचे पंच्याहत्तर दिवे लावलेलं तबक आणलं. सगळे दिवे पेटल्यावर काकांचा चेहरा खरोखर उजळला. ओठ हलत होते. आम्हाला वाटलं, काहीतरी पुटपुटताहेत, भरून आलंय. धाकट्या काकूच्या डोळ्यांत पाणीही आलं. ओवाळून झाल्यावर काका म्हणाले, "चौऱ्याहत्तर आहेत."

"एक देवापुढे लावलाय," काकू म्हणाली.

पन्नास वर्षांत त्यांना कुणी हिशोबात पकडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. काका थोडा वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी स्वतःहून काकूच्या पानात जिलबी वाढायला सांगितली.

मी पाकिटात पाचशे एक घातले होते. ते त्यांनी तिथेच उघडलं. "तुझ्या मुंजीला मी अकरा दिले होते, एक्क्याऐंशी साली," ते म्हणाले, आणि जरा विचार करून, "फिटले."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन.

"लिहून घे. माझा हजारावा चंद्र फेब्रुवारी २०३१."

"काका, अजून सहा वर्षं..."

"मध्ये बोलू नको. त्या साली ताईचा नातू दहावीला. आत्ता चौथीत आहे, मोजून बघ. दहावी हल्ली फेब्रुवारीतच सुरू होते. म्हणजे मे. हॉल नको, गावी. विहीर उपसून घेऊ. तुझी किती धरू?"

सहा वर्षांनी कोण कुठे असेल याचा भरवसा नाही, मुलगा तोवर कुठल्या देशात असेल कुणास ठाऊक, शिवाय रजा, शिवाय उन्हाळा.

"बघतो काका," मी म्हणालो, "जमलं तर."

पलीकडे पेन्सिल चालली.

"साडेचार," ते म्हणाले आणि फोन ठेवला.