कातड्यावर प्लास्टिक, प्लास्टिकवर घोंगडी

पौष पौर्णिमेला मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेत बैलांचा बाजार भरतो आणि रस्त्याच्या कडेला गाड्यांचा. दुसऱ्यात विक्री नसते, नुसतं दाखवणं असतं. बैलाचे दात मोजणारे, कातडीला चिमटा काढून पाहणारे जाणते हात गाडीच्या दाराशी आले की मालक कळवळतो, “काका, धोतर झटकून बसा हां, लेदर आहे.”

असेलही. दिसत मात्र नाही. शोरूमचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, वर टर्किश टॉवेल, आणि आता जत्रेत घेतलेली नवी घोंगडी. प्लास्टिकखाली ओल कोंडते आणि मुरबाडच्या पावसाळ्यात सीटवर बुरशी धरते, हे त्याला कोण सांगणार? मग घरचं खोबरेल चोळलं जातं. गाडीतल्या बहुतेक कातड्यावर रंगाचा आणि पॉलियुरेथेनचा थर असतो. तेल आत मुरत नाही, वर चिकटून धूळ गोळा करतं. आधी व्हॅक्यूमने धूळ काढावी, मग सौम्य क्लीनरचा फेस मऊ ब्रशने फिरवून ओल्या फडक्याने पुसावा, कोरडं करावं, गाडी सावलीत लावावी. झालं. पण यात मिरवण्यासारखं काय आहे?

शिवाय पुष्कळ ‘लेदर’ हे कापडावर चढवलेलं पीव्हीसी, म्हणजे आपलं जुनं रेक्झिन. त्याला खोबरेल पाजणं तर निव्वळ धर्मादाय. हात शिवशिवतच असतील, तर पलीकडे बाजारात शिंगं आहेत. त्यांना तेल शोभतं, आणि बैल धोतर झटकायला सांगत नाही.